जुन्या गाडीत लपलेला बिघाड निघाला? डीलरशी वाद घालताना या चुका टाळा

डीलरकडून घेतलेली जुनी गाडी पंधरा दिवसांतच गरम व्हायला लागते, गिअर बदलताना धक्का देते किंवा सकाळी सुरू केल्यावर खडखडते. डीलरचं उत्तर ठरलेलं असतं: "दिली तेव्हा गाडी चांगली होती." बिघाड तर समोर दिसतोच आहे. गाडी ताब्यात घेतली त्या दिवशी तो होता का, एवढाच प्रश्न उरतो. त्याचं उत्तर गाडीत असतं, आणि बहुतेक वेळा घेणाऱ्याच्याच हातून ते पुसलं जातं.

आधी दुरुस्ती, मग तक्रार

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांमधलं सील) बदललं, हेड घासून सपाट करून घेतलं, जुनं गॅस्केट भंगारात गेलं आणि मग बिल घेऊन तुम्ही डीलरकडे गेलात, तर त्याला दाखवायला हातात काही राहत नाही. गाडीसोबत वॉरंटी घेतली असेल तर आणखी एक अडचण: बहुतेक वॉरंटींमध्ये इंजिन किंवा गिअरबॉक्स खोलण्याआधी लेखी मंजुरी लागते. ती न घेता खोललं की दावा तिथेच अडतो.

आधी लेखी कळवा आणि गाडी तपासायला ठरावीक मुदत द्या. मुदतीत कोणी आलं नाही, तर खोलताना टप्प्याटप्प्याने फोटो काढा. काढलेला प्रत्येक भाग पिशवीत घालून त्यावर तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवा. बिघाडाचं वय याच भागांवरून कळतं. गॅस्केटच्या कडेला जुना सिलिकॉन, टायमिंग चेनच्या (व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला लावणारी इंजिनमधली साखळी) प्लास्टिक गाइडवर पडलेले खोल चर, व्हॉल्व्ह कव्हरखाली साठलेला काळा गाळ, यातलं काहीही दोन आठवड्यांत तयार होत नाही.

फॉल्ट कोड पुसून टाकणं

चेक इंजिनचा दिवा लागला की पहिल्याच गॅरेजमध्ये स्कॅनर लावून कोड (गाडीच्या संगणकाने नोंदवलेले बिघाडाचे क्रमांक) पुसतात. दिवा जातो, आणि त्याबरोबर फ्रीज फ्रेमही जाते. कोड पडला त्या क्षणी इंजिनचे फेरे किती होते, तापमान किती, वेग किती, याची ती नोंद असते. म्हणून आधी सगळे मॉड्यूल (गाडीतले वेगवेगळे संगणक) स्कॅन करून रिपोर्ट साठवा.

त्याच रिपोर्टमध्ये आणखी एक आकडा शोधा: कोड पुसल्यापासून गाडी किती चालली. अनेक गाड्यांच्या संगणकात तो असतो. समजा तिथे २१० किमी दिसतात आणि ताबा घेतल्यापासून तुम्ही २०० किमी चालवली आहे. म्हणजे विक्रीच्या अगदी आधी कोणीतरी कोड पुसले आहेत. (बॅटरीची वायर काढल्यानेही काही गाड्यांत हा आकडा शून्यावर येतो, म्हणून एवढ्यावरच विसंबू नका. तरीही डीलरला विचारायला हा प्रश्न नेमका आहे.) रेडिनेस मॉनिटरही पाहा, म्हणजे संगणकाच्या स्वतःच्या तपासण्या पूर्ण झाल्या की नाही याची नोंद. कोड पुसल्यावर ते 'अपूर्ण' होतात आणि पुन्हा पूर्ण व्हायला काही थंड स्टार्ट आणि बरंच मिश्र ड्रायव्हिंग लागतं. ताब्याच्याच दिवशी स्कॅन केलं तर हा पुरावा सर्वांत भक्कम ठरतो.

तापमानाचा काटा वर जात असताना गाडी चालवणं

"घरापर्यंत जाऊ दे" म्हणून तापलेली गाडी दहा किलोमीटर रेटली की हेड वाकतं. मूळ दोष पाण्याच्या पंपाचा असला, तरी डीलर आता चालकाला दोष देईल, आणि त्यात तथ्यही असेल. काटा वर गेला की गाडी थांबवा, इंजिन बंद करा, गाडी ओढून न्या. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडू नका. दाबाखालचं उकळतं कूलंट थेट अंगावर येतं.

"गाडी नीट चालत नाही" अशी तक्रार

मोघम तक्रारीला मोघमच उत्तर मिळतं. तारीख, किलोमीटर, इंजिन थंड होतं की गरम, गिअर कोणता, आवाज किती सेकंद टिकला, हे लिहा. "रात्रभर उभी गाडी सुरू केल्यावर ४ सेकंद पुढच्या बाजूने चेनची खडखड, मग बंद" हे वाचून मेकॅनिकचं लक्ष थेट चेन ताणून धरणाऱ्या टेन्शनरकडे जातं. सोबत व्हिडिओ द्या, त्यात मीटर दिसू द्या. डीलरकडे गाडी आधीच गरम करून ठेवलेली असेल तर हा आवाज येतच नाही. म्हणून दाखवायच्या आदल्या रात्री गाडी तिथेच उभी ठेवायला सांगा आणि सकाळी तुमच्यासमोर सुरू करून घ्या.

नुसता "इंजिन खराब" असा रिपोर्ट

स्वतंत्र मेकॅनिककडून मोजमापं मागा. कॉम्प्रेशन टेस्टमध्ये, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजण्याच्या चाचणीत, प्रत्येक सिलिंडरचा आकडा हवा. एखादा बाकीच्यांपेक्षा साधारण १५ टक्क्यांहून कमी असेल तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल घालून पुन्हा मोजतात. आकडा वाढला तर दोष पिस्टनच्या रिंगचा; नाही वाढला तर व्हॉल्व्हचा किंवा गॅस्केटचा. शेजारच्या दोन सिलिंडरचे आकडे एकदमच पडले असतील तर मधलं गॅस्केट उडाल्याचा संशय घ्यावा. कूलंटमध्ये जळका वायू शिरतोय का, हे निळ्या द्रवाच्या चाचणीत कळतं. पेट्रोल गाडीत तो द्रव पिवळा होतो. तेलाच्या झाकणाखालचा पांढरा फेस मात्र एकट्याने पुरावा ठरत नाही. थंडीत छोट्या फेऱ्या मारल्या तरी तो साठतो. डिपस्टिकवरचं (तेल मोजायच्या पट्टीवरचं) तेलही दुधाळ असेल तर गोष्ट वेगळी.

रिपोर्टच्या शेवटी एक ओळ हवीच: हा बिघाड साधारण किती किलोमीटरपासूनचा असावा, आणि कशावरून.

ब्रेक पॅड, क्लच, वायपर यांची झीज या वादात ओढू नका. वापरलेल्या गाडीत ती अपेक्षितच असते, आणि अशा यादीत मुख्य मुद्दा बुडतो.

जॉब कार्डशिवाय किल्ली देणं

डीलर "ठेवून जा, बघतो" म्हणाला तरी नुसती किल्ली देऊन निघू नका. जॉब कार्डवर (गाडी कामाला घेतल्याच्या लेखी नोंदीवर) तुमच्याच शब्दांत तक्रार, किलोमीटर आणि तारीख लिहून घ्या, आणि "ग्राहकाच्या लेखी परवानगीशिवाय इंजिन उघडू नये, काढलेले भाग परत द्यावेत" ही ओळ घाला. फोनवर दिलेलं प्रत्येक आश्वासन त्याच दिवशी मेसेजमध्ये लिहून पाठवा: "आज ठरल्याप्रमाणे तुम्ही टेन्शनर आणि चेन बदलून देणार आहात." गाडी परत घेताना थंड इंजिन स्वतः सुरू करा, तेल आणि कूलंटची पातळी पाहा, पुन्हा स्कॅन करून तो रिपोर्ट पहिल्या रिपोर्टशेजारी ठेवा.