सकाळचा एक तास हात मागे बांधा

पुण्यात दांडेकर पुलाजवळ आमची बालवाडी. दहा बाय बाराची खोली, अठरा मुलं, तीन ते पाच वर्षांची. नवी ताई आली की तिला आठ दिवस एकच काम: साडेनऊ ते साडेदहा मुलं आपल्या मनाने खेळतात, तेव्हा हात मागे बांधून बसायचं, मधे पडायचं नाही. पहिल्या दिवशी हसते बिचारी, दुसऱ्या दिवशी रडकुंडीला येते.

खेळणी विकत आणू नका. करवंट्या, डब्यांची झाकणं, जुन्या ओढण्या, बोहरी आळीतले पाइपचे तुकडे (कडा कानशीने घासून). डहाणूजवळ बोर्डीला १९४५ साली बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघांनी गावातल्याच वस्तू घेऊन बालवाडी उभी केली, आपल्याला काय कमी आहे? चिंचोके मात्र नकोत. आमच्या एकाने नाकात घातला, मग दवाखाना.

सगळं जमिनीवर मांडा, फळीवर नाही. मधे दोन फरश्यांची वाट मोकळी. हे आम्हाला एका मुलीने शिकवलं. तिला उभं राहता येत नाही, बसूनच सरकते. आधी आम्ही तिला टोपली आणून द्यायचो, म्हणजे निवड आमचीच. सामान खाली आलं त्या दिवशी तिने पाण्याची बादली गाठली. ती आम्ही तिला कधीच दिली नसती!

पाइपातून पाणी मोरीपर्यंत न्यायचं तिच्या डोक्यात. पाइप आडवा, पाणी अर्ध्यातून मागे. नवी ताई उठायला लागली, मी तिची ओढणी धरून खाली बसवलं. एरवी कुणाशी न बोलणारा एक मुलगा आला, पाइपाच्या बादलीकडच्या टोकाखाली करवंटी पालथी घातली, गेला. पाणी धावलं. मुलं अडली की मनात वीस आकडे मोजा. चावाचावी, डोक्यात मारणं, तोंडात काही जाणं, एवढ्याला मात्र लगेच उठा.

पालक विचारणारच, “लिहायला कधी घेणार?” २०२०च्या शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षांचा टप्पा खेळातूनच शिकायचा धरलाय, हे सांगून पाहिलं. कुणी ऐकत नाही. त्यापेक्षा सांडलेलं पाणी मुलांना पुसू द्या आणि आईला फडकं पिळणारी बोटं दाखवा. पेन्सिल धरायला तीच ताकद लागते.

साडेदहाला आवरतात मुलंच. वीस मिनिटं लागतात. लागू द्या.