घरखर्चाचे पहिले अंदाजपत्रक : या चुका टाळा

घरखर्चाचे अंदाजपत्रक पहिल्यांदाच करणारी मंडळी साधारणपणे भाडे, किराणा, दूध, वीजबिल, पेट्रोल आणि कर्जाचा हप्ता एवढे लिहून काढतात, पगारातून ही बेरीज वजा करतात आणि उरलेल्या रकमेला बचत मानतात. दोन-तीन महिने सारे सुरळीत चालते. मग जून उजाडतो, शाळेची फी, गणवेश आणि वह्यापुस्तके एकदम समोर येतात आणि सगळे गणित कोलमडते. अशा वेळी लोक स्वतःला उधळे ठरवून बाहेरचा चहा-नाश्ता बंद करायला निघतात. खरे तर वर्षातून एक-दोनदाच येणारे खर्च त्यांनी महिन्यांत वाटून घेतलेले नसतात, आणि ही चूक एका संध्याकाळी वही-पेन घेऊन दुरुस्त करता येण्यासारखी आहे.

पॅकेजचा आकडा धरणे

नियुक्तिपत्रातील वार्षिक पॅकेजला बाराने भागून जो आकडा येतो, तो खर्चासाठी हातात पडत नाही. त्या पॅकेजमध्ये बऱ्याचदा भविष्यनिर्वाह निधीतील कंपनीचा वाटा आणि ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी रक्कमही धरलेली असते. शिवाय कर्मचाऱ्याचा स्वतःचा वाटा, म्हणजे सर्वसाधारणपणे मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या १२ टक्के रक्कम, पगारातूनच कापली जाते. महाराष्ट्रात व्यवसाय कराचे दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये बहुतेक पगारदारांकडून कापले जातात. म्हणून प्रत्यक्ष खात्यात जमा होणारी रक्कमच धरावी आणि ओव्हरटाइम किंवा दिवाळीचा बोनस त्यात मिळवू नये. ज्यांचे उत्पन्न दरमहा सारखे नसते, उदाहरणार्थ रिक्षाचालक, छोटे दुकानदार किंवा शिकवण्या घेणारे, त्यांनी गेल्या वर्षातील सर्वांत कमी कमाईचे तीन महिने शोधून त्यांची सरासरी हा पाया मानावा.

वर्षाचे खर्च महिन्यात न बसवणे

सर्वाधिक नुकसान याच चुकीने होते, म्हणून ती आकड्यांनिशी पाहू. समजा, पिंपरी-चिंचवडमध्ये भाड्याने राहणाऱ्या एका चौकोनी कुटुंबाच्या हाती दरमहा ४८,००० रुपये येतात. भाडे १४,०००, किराणा-भाजी-दूध-गॅस १३,०००, वीज-मोबाइल-इंटरनेट २,५००, पेट्रोल व प्रवास ३,५००, दुचाकीचा हप्ता ३,००० आणि गावी आईवडिलांना ४,००० अशी ४०,००० रुपयांची बेरीज होते. कागदावर ८,००० रुपये उरतात आणि घरातल्यांना वाटते की आपले बरे चालले आहे.

आता त्याच घराचे वर्षभरातील इतर खर्च पाहा. शाळेची फी व साहित्य ३६,०००, आरोग्य विम्याचा हप्ता २४,०००, गणपती आणि दिवाळी मिळून ३०,०००, लग्नकार्यातील आहेर आणि गावी जाणे-येणे १८,०००, उन्हाळ्यात भरायचे वर्षाचे धान्य, हळद व तिखट १२,०००, दुचाकीचा विमा आणि सर्व्हिसिंग ६,०००. बेरीज १,२६,००० रुपये, म्हणजे महिन्याला १०,५०० रुपये. जे कुटुंब दरमहा ८,००० रुपये शिल्लक दाखवत होते, ते प्रत्यक्षात दरमहा २,५०० रुपयांच्या तुटीत आहे. वर्षाची ३०,००० रुपयांची ही तूट कधी क्रेडिट कार्डावर, कधी मोडलेल्या मुदत ठेवीत, तर कधी भावाकडून घेतलेल्या हातउसन्या रकमेत दिसते, आणि नेमकी कुठून आली हे कोणालाच सांगता येत नाही.

उपाय असा की बारा महिन्यांची एक यादी करून प्रत्येक महिन्यासमोर त्या महिन्यात येणारे खर्च लिहावेत. यासाठी आठवणीपेक्षा बँकेचे गेल्या बारा महिन्यांचे स्टेटमेंट अधिक भरवशाचे. मग बेरजेचा बारावा भाग पगार होताच वेगळ्या बचत खात्यात वळता करावा आणि हे खर्च त्याच खात्यातून भागवावेत. तूट निघाली, तर आकडे ओढूनताणून जुळवू नयेत. सणाचा खर्च, आहेर, भाडे यांपैकी काय कमी करता येईल याचा निर्णय शांतपणे आधीच घ्यावा. वर्षाच्या मध्यावर सुरुवात करणाऱ्यांना पहिल्या वर्षी बाराने भागून चालत नाही. पुढचा मोठा खर्च चार महिन्यांवर असेल, तर त्या रकमेला चारानेच भागावे लागते.

वीजबिलाचेही असेच. डिसेंबरचे बिल पाहून वर्षाचा अंदाज बांधला, तर एप्रिल-मे महिन्यांत तो चुकतोच, कारण पंखे आणि कूलर चालू झाले की वापर वाढतो आणि महावितरणच्या घरगुती दरात पहिल्या १०० युनिटांनंतरच्या युनिटांचा दर बराच जास्त असतो. वर्षभरातील सरासरी वापर वाढला असेल, तर अतिरिक्त सुरक्षा ठेवीचे वेगळे बिलही येते. गॅसचा १४.२ किलोचा सिलिंडर अनेक घरांत दीड-दोन महिने पुरतो, म्हणून तो एका महिन्यात दिसतो आणि दुसऱ्यात दिसत नाही. त्याचीही मासिक सरासरीच लिहावी.

हिशेब जुळत नसेल तर

महिनाअखेर नोंदींची बेरीज आणि खात्यातील शिल्लक यांचा मेळ बसला नाही की बरेच जण वही मिटून टाकतात. त्याआधी काही ठिकाणी शोधावे. क्रेडिट कार्डाने केलेली खरेदी त्या दिवशी एकदा आणि बिल भरताना पुन्हा एकदा अशी दोनदा लिहिली गेली आहे का? स्वतःच्याच एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पाठवलेले पैसे खर्च म्हणून धरले आहेत का? एटीएममधून काढलेले २,००० रुपये ‘खर्च’ म्हणून मांडले आणि त्याच पैशांतून आणलेली भाजीही वेगळी लिहिली, असे तर झाले नाही ना? हे सारे तपासूनही फरक उरला, तर तो बहुधा यूपीआयवरील वीस, चाळीस, साठ रुपयांच्या व्यवहारांत असतो. ते एकेक करून वहीत उतरवण्याचा अट्टहास नवख्यांनी करू नये. अशा किरकोळ खर्चासाठी ठरलेली रक्कम आठवड्याच्या आरंभी एका वेगळ्या खात्यात ठेवून तेच खाते यूपीआयला जोडले, की नोंद आपोआप होते आणि मर्यादाही पाळली जाते.

किमान रक्कम भरून निश्चिंत होणे

क्रेडिट कार्डाच्या बिलावर छापलेली किमान रक्कम भरली, की उशिराचा दंड टळतो. व्याज टळत नाही. समजा ३०,००० रुपये थकले आहेत आणि व्याजदर महिन्याला साडेतीन टक्के आहे. तर एका महिन्याचे व्याज १,०५० रुपये आणि त्यावरील १८ टक्के जीएसटी १८९ रुपये, असे १,२३९ रुपये होतात. अशा स्थितीत १,५०० रुपये भरले, तरी मुद्दल जेमतेम २६१ रुपयांनी कमी होते. शिवाय थकबाकी पुढे ओढली, की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही सहसा मिळत नाही. ही थकबाकी असताना आवर्ती ठेव किंवा एसआयपी (म्युच्युअल फंडातील दरमहाची गुंतवणूक) सुरू ठेवण्यात काही अर्थ नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. आधी कार्ड पूर्ण फेडावे आणि तोवर ते वापरू नये.

अडीअडचणीचा पैसा चुकीच्या जागी

आजारपण किंवा नोकरी जाणे अशा प्रसंगांसाठी तीन ते सहा महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम बाजूला असावी, हे बहुतेकांना ठाऊक असते, पण ती भिशीत गुंतवली जाते. भिशीचा नंबर आपल्या गरजेच्या महिन्यातच लागेल असे नाही. सगळी रक्कम एकाच बँकेत ठेवणेही धोक्याचे. २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध घातले, तेव्हा खातेदारांना सुरुवातीला केवळ १,००० रुपये काढता येत होते. ज्यांची सारी पुंजी त्या एकाच बँकेत होती, त्यांचा घरखर्चच थांबला. त्यानंतर फेब्रुवारी २०२० मध्ये ठेव विम्याची, म्हणजे बँक बुडाल्यास परत मिळण्याची हमी असलेल्या रकमेची, मर्यादा प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे १ लाखावरून ५ लाख रुपये झाली. हे संरक्षण व्यापारी आणि सहकारी बँकांतील ठेवींना आहे, पतसंस्थांमधील ठेवींना नाही. पतसंस्थेत एक-दोन टक्के व्याज जास्त मिळते म्हणून सगळा राखीव पैसा तिथे ठेवणाऱ्यांनी हा फरक समजून घ्यावा. ही रक्कम दोन बँकांत विभागून, थोडी बचत खात्यात आणि बाकीची केव्हाही मोडता येईल अशा मुदत ठेवीत असावी.

एकट्यानेच आकडे ठरवणे

किराण्याची रक्कम जी व्यक्ती ठरवते, तिने गेल्या सहा महिन्यांत तेलाची पिशवी किंवा तूरडाळ स्वतः आणलेली नसेल, तर तो आकडा टिकत नाही. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या व्यक्तीला आधी विचारावे आणि तिने सांगितलेल्या रकमेत चर्चेशिवाय कात्री लावू नये. घरातील प्रत्येक मोठ्या माणसासाठी, मिळवती असो वा नसो, दरमहा थोडी रक्कम अशी राखावी की जिचा हिशेब कोणी मागणार नाही. सासूबाईंच्या देवदर्शनाचे रिक्षाभाडेही विचारून घ्यावे लागत असेल, तर पुढच्या महिन्यापासून त्या घरात खर्च लपवले जाऊ लागतात आणि वहीतले आकडे खोटे ठरतात. सुरुवातीचे तीन महिने दर रविवारी सर्वांनी पंधरा मिनिटे एकत्र बसून आकडे पाहावेत, आणि एखाद्या सदरात लागोपाठ दोन महिने जास्त खर्च झाला, तर त्या सदराची रक्कम वाढवून ती कोणत्या दुसऱ्या सदरातून आणायची, हे तिथेच ठरवावे.