गैरहजर मुलांचा भार वाटताना या चुका टाळा

शालेय सर्वेक्षणात निवडक मुलांचीच परीक्षा होते. त्यातलं एक मूल पटावरच्या जितक्या मुलांच्या वतीने मोजलं जातं, तो त्याचा भार. गैरहजरांचा भार हजर मुलांवर टाकायला त्यांचा भार ज्या आकड्याने गुणतात, तो गुणक. राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण 2017 साली 13 नोव्हेंबरला झालं, 2021 साली 12 नोव्हेंबरला. परख या राष्ट्रीय मूल्यमापन केंद्राचं 2024 मधलं सर्वेक्षण 4 डिसेंबरला. तिन्ही तारखा ऊसतोडीच्या हंगामातल्या. बीडसारख्या जिल्ह्यातून तेव्हा टोळ्या निघून गेलेल्या असतात, बरोबर मुलंही. अशा वेळी अख्ख्या जिल्ह्याला एकच गुणक लावून गैरहजरांचा भार हजर मुलांवर टाकणं ही सगळ्यात महाग चूक.

असंच एक काम माझ्याकडे तपासायला आलं होतं. भारांची बेरीज जिल्ह्याच्या पटाशी जुळते, एवढ्यावर सगळे खूश. मी गैरहजेरी शाळावार मांडली, तर ती बहुतेक वाडी-तांड्यांवरच्या शाळांत एकवटलेली. त्या मुलांचा भार गेला होता तालुक्याच्या गावात आईवडिलांजवळ राहणाऱ्या मुलांकडे. सरासरी फुगणारच! एकच गुणक लावला तरी एकूण बेरीज जुळते, म्हणून मी ती तालुकावार आणि शाळाप्रकारानुसार बघतो. गुणक शाळेच्या आत काढतो. शक्य असेल तिथे ऑक्टोबरचं हजेरीपत्रक मागवतो आणि कमी हजेरीच्या मुलाचा भार तशाच मुलाकडे देतो. तरी गावात मागे राहिलेलं मूल टोळीबरोबर गेलेल्या मुलासारखंच असेल असं नाही, हे अहवालात लिहावंच लागतं. हजेरीपत्रकं जमवायला वेळ लागतो म्हणून हा टप्पा गाळणारे नवखे मला अजिबात पटत नाहीत. आकडेमोड तासाभराची असते, खरं काम हेच.

दुसरी चूक: दाखला नेलेलं मूल गैरहजर धरणं. पट 40, निवड 30, पेपर दिला 22 जणांनी. उरलेल्या 8 पैकी 3 जण दाखला घेऊन गेलेले, तर पात्र मुलं 27. गुणक 27/22, म्हणजे 1.23, 30/22 नव्हे. मूळ भार 40/30 धरून 22 मुलांची बेरीज 36 येते, आणि तीच बरोबर. टोळीबरोबर गेलेलं पण पटावर असलेलं मूल मात्र गैरहजरच. दोघांना वेगळे कोड परीक्षेच्या दिवशीच द्या, नंतर कुणाला आठवत नाही.

गैरहजराला शून्य गुण देऊ नका. शाळेचा नकार आणि मुलाची गैरहजेरी एकाच गुणकात कोंबू नका. गुणक 2 च्या वर गेला की मी तो गट त्याच्यासारख्या दुसऱ्या गटात मिसळतो. नकार दिलेल्या शाळेऐवजी बदली शाळा घेतली असेल तर प्रतिसादाचं प्रमाण, म्हणजे निवडलेल्यांपैकी किती जण सामील झाले ते, तिच्यासह आणि तिच्याशिवाय, दोन्ही छापा.