पिवळा रंग बसत नाही? या चुका टाळा

वॉरहॅमर ४०,००० या छोट्या मॉडेल्सनी खेळायच्या युद्धखेळातल्या इम्पीरियल फिस्ट्स या सैन्याची पिवळी तुकडी टेबलावर मांडली की नजर आधी तिच्याकडेच जाते. पण ती रंगवायला घेतलेले कितीतरी जण चार-पाच सैनिकांतच हात टेकतात. चिलखत हिरवट दिसतं, डागाळतं, आणि खापर पिवळ्यावर फुटतं. माझ्या मते घोळ बहुतेक वेळा पिवळ्याची बाटली उघडण्याआधीच झालेला असतो.

तो म्हणजे काळा प्रायमर, रंगाआधी मॉडेलवर द्यायचा पहिला थर. भडक पिवळ्यातली बरीच रंगद्रव्यं पारदर्शक असतात. प्रकाश त्यांच्यातून खालच्या थरापर्यंत पोचतो आणि खाली काळं असेल तर तिथेच जिरतो. काळ्यात पिवळा कालवला की शेवाळी रंग होतो, तेच इथे थरांमध्ये घडतं. मग लोक वर आणखी पाच-सहा हात देतात. काळा झाकला जातो खरा, पण शिरस्त्राणाची जाळी आणि चिलखतावरचे खिळे बुजून जातात. मॉडेलचा जीवच त्या बारकाव्यांत असतो हो!

त्यापेक्षा मधला थर द्या. ॲव्हरलँड सनसेट नावाच्या रंगासारखा मातकट पिवळा खालचं छान झाकतो. फिकट गुलाबी तर माझा आवडता: त्यावर पिवळा उबदार दिसतो, पांढऱ्यावर तोच थंड आणि लिंबाच्या छटेचा होतो. मॉडेल आधीच काळं केलं असेल तर रंग खरवडत बसू नका. फिकट तपकिरीचे दोन पातळ हात द्या, मग पिवळा.

दुसरी अडचण घाईची. खांद्याची गोल पट्टी बघा: ब्रश भरून रंग लावला की तो उतारावरून ओघळतो, कडेशी साचतो आणि माथा उघडा राहतो. अर्धवट वाळलेल्या रंगावर पुन्हा ब्रश फिरवला तर खालचा थरही उचलला जातो. रंग पातळ करा, ब्रश टिश्यूवर टेकवून जास्तीचं पाणी काढा आणि प्रत्येक हात पूर्ण वाळू द्या. ब्रश जिथे उचलता तिथे सर्वांत जास्त रंग साचतो, म्हणून फटकारा उजळ हव्या असलेल्या कडेकडे ओढा.

काळा वॉश, म्हणजे खाचांत उतरणारा पाणीदार रंग, सगळीकडे फासू नका, सपाट भाग मळकट होतात. लालसर तपकिरी घ्या, बारीक ब्रशने फक्त खाचांमध्ये सोडा, बाहेर आलेलं पिवळ्यानेच झाका. हायलाइटसाठी, म्हणजे कडा उजळवायला, शुद्ध पांढरा नको, त्याने कडा खडूसारख्या दिसतात. पिवळ्यात थोडा हस्तिदंती मिसळा.

पिवळा आधी संपवा, बंदुका आणि धातूचे भाग नंतर. धातूच्या रंगाचा ब्रश ज्या पाण्यात बुडवला ते पाणी पिवळ्यासाठी वापरू नका, चकाकते कण चिलखतावर येतात आणि निघता निघत नाहीत.

पिवळ्यावर काळा थेंब पडलाच तर ओला असतानाच स्वच्छ, ओलसर ब्रशने टिपा. वाळला असेल तर त्यावर थेट पिवळा नको. आधी तेवढ्या जागी मधला थर, मग पिवळा. थेंब कडेजवळ असेल तर फोमच्या तुकड्याने तिथे गडद तपकिरी ठिपके उमटवा. गुडघ्यावर, खांद्याच्या कडेवरही थोडे द्या, म्हणजे तो लढाईत उडालेला टवकाच वाटेल.