स्पे कास्टिंग: लाइनचा जाडपणा कुठे आहे ते बघा

स्पे कास्टिंग म्हणजे लाइन मागे हवेत न उडवता, तिचं टोक पाण्यावर टेकवून पुढे फेकण्याची मासेमारीची पद्धत. दोन हातांनी धरायचा रॉड घेऊन स्कॉटलंडच्या स्पे नदीत सॅमन माशासाठी उतरणार असाल, तर लाइनचं वजन जुळलं म्हणजे झालं असं समजू नका. ते वजन लाइनमध्ये कुठे साठवलंय, हे जास्त महत्त्वाचं.

लाइनच्या पुढच्या, वजनदार भागाला हेड म्हणतात. स्कँडी प्रकारच्या हेडचा जाड भाग मागे असतो आणि पुढचं टोक लांबवर निमुळतं होत जातं. त्यामुळे पाण्यावर अँकर (फेकण्याआधी पाण्यावर टेकलेलं टोक) हलका बसतो, माशी (गळावरचं कृत्रिम आमिष) अलगद उतरते. पण त्याच टोकाला जड सिंक टिप (पाण्यात बुडणारा लाइनचा तुकडा) बांधली की सगळं बिनसतं: बारीक टोकात ती पाण्यातून उचलण्याची ताकदच नसते. तिथे स्कॅगिट हेड हवं. आखूड, पुढच्या टोकापर्यंत जाडजूड. पाण्यावर धपकन पडतं खरं, पण ओल्या कोंबडीएवढी माशीही ओढून नेतं.

१३ फुटी रॉडला स्कँडी हेड साधारण ३५ ते ४० फूट, स्कॅगिट २३ ते २५ फूट चालतं. मागे झाडी असेल तर आखूडच घ्या, डी-लूपला (फेकण्याआधी रॉडमागे लाइनचा होणारा D आकाराचा फुगवटा) जागा कमी लागते. अँकर सारखा सुटत असेल, तर हाताला दोष देण्याआधी लीडर (लाइन आणि माशी जोडणारा बारीक दोरा) फूटभर वाढवून बघा.