पहिला एकल हिप हॉप अल्बम घरच्या खोलीत कसा पूर्ण करावा

मराठीत रॅप करणाऱ्याकडे गाणी लवकर साठतात, पण त्यांचा अल्बम होत नाही, कारण बीटच्या गदारोळात शब्द हरवतो आणि शब्द हरवला की पुढच्या गाण्यासाठी थांबायला श्रोत्याकडे कारण उरत नाही. नाशिकच्या सिडकोमधील दहा बाय दहाच्या खोलीत माझा पहिला अल्बम करताना मी प्रत्येक टप्प्यावर दोनच गोष्टी तपासत गेलो: शब्द स्पष्ट ऐकू येतो का, आणि तो कायद्याने माझा आहे का.

आधी आवाका ठरवावा. स्ट्रीमिंग सेवांच्या हिशेबात साधारणपणे सात किंवा अधिक गाणी असली की तो अल्बम धरला जातो. चार ते सहा गाण्यांचे आणि अर्ध्या तासाच्या आतले काम ईपीमध्ये, म्हणजे छोट्या संग्रहात, मोडते. पहिल्या खेपेला सात ते नऊ गाणी पुरेत. ती सर्व एकाच गोष्टीभोवती लिहावीत, मग ती एक गल्ली असो, एक वर्ष असो किंवा सातपूरच्या कारखान्यातली पहिली पाळी असो. जे गाणे या वर्तुळात बसत नाही ते कितीही आवडते असले तरी बाजूला ठेवावे.

लेखनावर सर्वाधिक वेळ द्यावा. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येत असल्यामुळे जातो, गातो, वाजतो अशी यमके फुकट मिळतात, आणि फुकट मिळालेले यमक तिसऱ्या ओळीपासून कंटाळवाणे होते. माझ्या पहिल्या खर्ड्यात ‘सकाळी सहाला भोंगा वाजतो, थंडीत बाप माझा कामाला जातो’ अशी ओळ होती. क्रियापदे काढून टाकल्यावर ती ‘भोंगा सहाचा, जानेवारीची थंडी, बापाच्या अंगावर विटलेली बंडी’ अशी झाली. यमक नामावर आले, चित्र दिसू लागले आणि श्वासाला जागाही मिळाली. प्रत्येक कडव्यावर हा प्रयोग करून पाहावा. लिहून झाले की बीट बंद ठेवून, टाळीच्या ठेक्यावर ते मोठ्याने म्हणावे. सिन्नर तालुक्यातील देशवंडीला १९२२ साली जन्मलेल्या लोककवी वामनदादा कर्डकांची गाणी त्यासाठी मुद्दाम ऐकावीत. साध्या वाद्यांच्या साथीवरही शब्द लोकांपर्यंत कसा न्यावा याचे इतके जवळचे शिक्षण आपल्या जिल्ह्यात दुसरे मिळणार नाही असे मला मनापासून वाटते.

बीट निवडताना मिनिटाला ८५ ते ९५ ठोक्यांची लय मराठी जोडाक्षरांना सोसते. १४० ठोक्यांच्या ट्रॅप या वेगवान प्रकारच्या बीटवर सलग वेगाने म्हटले तर ‘त्याच्या’, ‘ज्यांच्या’ यांसारखे शब्द चिरडतात. नाशिक ढोल घ्यायचा असेल तर तयार सॅम्पल (आधीच मुद्रित केलेला तुकडा) न घेता एखाद्या पथकाला विनंती करून, मोकळ्या मैदानात, दोन माइकांवर स्वतः ध्वनिमुद्रण करावे. ढोलाची थापी आणि ८०८ चा (ड्रम मशीनचा खोल) बेस एकाच खालच्या पट्टीत येतात. दोन्ही एकदम ठेवले तर नुसता घुमारा उरतो, म्हणून एका वेळी एकालाच वाव द्यावा. ताशाचा कडकडाट वरच्या पट्टीत स, श, च या वर्णांवर येऊन बसतो. कडव्यात ताशा थांबवून तो हुकला, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या ध्रुवपदाला, आणावा.

बीट दुसऱ्याचे असेल तर लेखी करार हवाच. मी एका संकेतस्थळावरून ‘मोफत’ म्हणून घेतलेल्या बीटवर गाणे प्रकाशित केले आणि आठवड्याभरात यूट्यूबवर दुसऱ्याचा हक्क-दावा आला. लीजवरचे, म्हणजे फक्त वापरायला दिलेले, बीट अनेकांना दिले जाते ही गोष्ट मी वाचलीच नव्हती. करारात मुदत आणि प्रदेश स्पष्ट लिहावेत, कारण भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार हक्क-हस्तांतरणात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारत मानला जातो. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकार यांचा रॉयल्टीतील समान वाटा राखला आहे. तो सोडून देण्याचे कलम कोणी पुढे केले तर सही करू नये. गीतकार म्हणून आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचे सदस्यत्व घ्यावे.

ध्वनिमुद्रणासाठी महाग माइकपेक्षा शांत खोली महत्त्वाची. पावसाळ्यात पत्र्याचा आवाज असतो आणि गणपतीच्या आधी संध्याकाळी पथकांचा सराव असतो, म्हणून मी रात्री अकरानंतर बसत असे. पाठीमागे दोन गोधड्या टांगाव्यात, पंखा बंद करावा, माइक तोंडापासून वीतभर अंतरावर आणि किंचित तिरका ठेवावा, म्हणजे भ आणि फ यांचा झोत थेट त्यावर आदळत नाही. २४ बिटवर मुद्रण करावे आणि सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नये. दुहेरी आवाज (त्याच ओळीचे दुसरे मुद्रण) फक्त ओळीच्या शेवटच्या शब्दांवर चढवावा. अख्ख्या कडव्यावर चढवला की उच्चार पुसट होतात.

मिक्स, म्हणजे आवाज आणि बीट यांचा मेळ, झाल्यावर ते मोबाइलच्या स्पीकरवर आणि चालत्या रिक्षात ऐकावे. गाणे आधी न ऐकलेल्या माणसाला कागद देऊन ऐकू आलेले शब्द लिहायला सांगावे. जिथे तो अडेल तिथे बीट खाली घ्यावे. स्पॉटिफाय आवाजाची पातळी साधारण उणे १४ एलयूएफएसवर (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचे एकक) आणते, त्यामुळे मास्टर, म्हणजे अंतिम प्रत, उगाच ठासून मोठे करण्यात काही मिळत नाही.

गाणी स्ट्रीमिंग सेवांवर पोहोचवणाऱ्या वितरकाकडे अल्बम किमान चार आठवडे आधी द्यावा. स्पॉटिफायच्या संपादकांकडे एकच गाणे सुचवता येते आणि ते प्रकाशनाच्या निदान सात दिवस आधी सुचवावे लागते. आधी सिंगल म्हणून आलेले गाणे अल्बममध्ये घेताना त्याचा आयएसआरसी क्रमांक, म्हणजे त्या मुद्रणाची अक्षरे व अंक मिळून १२ चिन्हांची ओळख, तोच ठेवावा, म्हणजे जुने ऐकणे त्याच गाण्याच्या खात्यात राहते. स्पॉटिफायवर २०२४ पासून बारा महिन्यांत १,००० वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्याला रेकॉर्डिंगची रॉयल्टी मिळत नाही, तेव्हा भरतीची छोटी गाणी घालून यादी लांबवू नये.

शेवटी गाण्यांचे बोल देवनागरीत स्वतः टंकून द्यावेत, ऱ्हस्वदीर्घ तपासावे, आणि श्रेयनामावलीत बीट करणाऱ्याबरोबर ध्वनिमुद्रणावेळी मैदानात ढोल वाजवणाऱ्या प्रत्येकाचे पूर्ण नाव, त्याला विचारून, तो लिहितो तसेच लिहावे.