घरी ईव्ही चार्जर बसवताय? ॲपच्या आधी अर्थिंग बघा, या चुका टाळा

गेल्या उन्हाळ्यात सिंहगड रस्त्यावरच्या एका सोसायटीतून फोन आला. "दादा, चार्जर दोनदा बदलून झाला, तरी रात्री अकराच्या सुमारास बंद पडतोच. आता कुठल्या कंपनीचा घेऊ?"

मी गेलो आणि चार्जरला हात न लावता आधी मीटर रूम उघडून घेतली. त्या फ्लॅटच्या न्यूट्रलचा लग (वायरच्या टोकाला बसवलेला धातूचा जोड) काळा पडला होता, वायरचं इन्सुलेशन दोन बोटं कडक होऊन तडकलं होतं. रात्री अकराला घरातले दोन एसी आणि खाली गाडी एकदम चालू व्हायची, त्या सैल जोडावर व्होल्टेज कोसळायचं आणि चार्जर नेमून दिलेलं काम करायचा, म्हणजे थांबायचा. वायर मागे कापून नवा लग मारला, घट्ट केला, विषय संपला. त्याआधी दोन चांगले चार्जर खराब ठरवून परत पाठवले गेले होते.

मी पुण्यात वायरिंगची कामं करतो आणि अलीकडे दर आठवड्याला एखादं काम गाडीच्या चार्जरचं असतं. लोक महिनाभर ॲपचे रिव्ह्यू वाचतात, रंग निवडतात, आणि मीटरपासून पार्किंगपर्यंतच्या वायरचा विचार शेवटच्या दिवशी करतात. हा क्रम उलटा हवा.

गाडी घेईल त्यापेक्षा मोठा चार्जर घेणं

भिंतीवरच्या डब्याला आपण चार्जर म्हणतो, पण घरच्या विजेवरच्या (एसी) चार्जिंगमध्ये खरा चार्जर गाडीच्या आत असतो. भिंतीवरचा डबा गाडीला फक्त सांगतो, 'तुला इतके अँपियर घेता येतील', आणि सुरक्षितपणे वीज जोडून देतो. किती घ्यायचं हे गाडीतला चार्जर ठरवतो. नेक्सॉन ईव्ही ७.२ किलोवॉट घेते. टियागो ईव्हीच्या साध्या मॉडेलमध्ये ३.३ किलोवॉटचाच चार्जर आहे. आयोनिक ५ थ्री फेजवर ११ किलोवॉटपर्यंत जाते. तेव्हा २२ किलोवॉटचा डबा लावून नेक्सॉन जोडलीत तर ती ७.२ च घेणार, तीही एकाच फेजवर. जास्तीचे पैसे भिंतीवर टांगलेले राहतात.

दुसरा प्रश्न तुमच्या रोजच्या धावण्याचा. कोथरूडहून हिंजवडीला जाऊन येणं साधारण ४० किलोमीटर. शहरात गाडी युनिटला ७ किलोमीटरच्या आसपास देते, चार्जिंगमधला तोटा धरला तर रोजची गरज साडेसहा युनिटांची. १५ अँपियरच्या पॉइंटवर ३.३ किलोवॉटने हे दोन तासांत होतं. सात तास लावून ठेवलीत तर सुमारे १४० किलोमीटरची सोय होते. त्यामुळे ज्यांचा रोजचा फेरा ५०-६० किलोमीटरच्या आत आहे त्यांना मी स्पष्ट सांगतो: आधी तीन महिने गाडीबरोबर आलेल्या पोर्टेबल केबलवर काढा, त्यासाठी एक चांगला स्वतंत्र पॉइंट करून घ्या, आणि कमी पडलं तरच वॉलबॉक्स (भिंतीवरचा डबा) घ्या. यात माझं बिल कमी होतं, पण ते योग्य आहे.

"पॉवर पॉइंट आहेच की"

वरचा सल्ला अर्धवट वाचू नका. स्वतंत्र पॉइंट म्हणजे मीटरनंतरच्या बोर्डापासून थेट आलेली वायर, तिचा स्वतःचा एमसीबी (भार जास्त झाला की पडणारा स्विच), स्वतःचा आरसीसीबी (वीज गळाली की पडणारा स्विच). पार्किंगमध्ये वॉचमनच्या पंख्यासाठी ओढलेल्या लाइनीवरचा सॉकेट नव्हे. एक्स्टेन्शन बोर्ड तर अजिबात नाही, कितीही जाड वायरचा असला तरी.

गीझर २ किलोवॉटचा असतो, पण वीस मिनिटांत बंद होतो. गाडी तेवढ्यापेक्षा जास्त भार सलग सात-आठ तास ओढते. सॉकेटच्या आतल्या पितळी पट्ट्या सैल असतील तर पहिल्या तासात काही दिसत नाही, चौथ्या तासाला प्लास्टिक मऊ पडायला लागतं. चार्जिंग चालू असताना तासाभराने प्लगच्या अंगाला हात लावून बघा. कोमट ठीक आहे. हात ठेवता येत नसेल तर त्याच क्षणी बंद करा आणि सॉकेट बदला. तोपर्यंत गाडीत किंवा केबलवर अँपियर कमी करायची सोय असेल तर १० वर आणा.

वायरमध्ये वाचवलेले पैसे

इथे मी जरा थांबणार आहे, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच बघितलं आहे.

७.२ किलोवॉट म्हणजे ३२ अँपियर, सलग, रात्रभर. बरेच जण ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर टाकून मोकळे होतात. तक्त्यात ती बसतेही. पण तो तक्ता ३० अंश तापमानाचा असतो. आपल्याकडे एप्रिलमध्ये पत्र्याच्या शेडखालून गेलेल्या पाइपात काय तापमान असतं ते विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांना सांगायला नको. वायर गरम जागेत असली की तिची क्षमता खाली येते.

त्यात अंतर धरा. फ्लॅटमध्ये मीटर रूम एका टोकाला आणि तुमचं पार्किंग दुसऱ्या टोकाला, ४० मीटर सहज होतात. जाणं-येणं मिळून ८० मीटर वायर. ६ च्या वायरमध्ये ३२ अँपियरला साधारण ८ व्होल्ट वाटेतच पडतात, आणि अडीचशे वॉट उष्णता त्या पाइपात राहते. तुम्ही पैसे भरलेली वीज भिंत तापवते. १० ची वायर टाकली तर हा तोटा दीडशे वॉटच्या आसपास येतो. म्हणून २० मीटरच्या पुढे मी १० च टाकतो. ग्राहकाला महाग वाटतं, मी हिशेब कागदावर मांडून दाखवतो.

ॲल्युमिनियमची आर्मर्ड केबल चालते, पण तिचा साइज मोठा घ्यावा लागतो आणि तांब्याशी जोडताना बायमेटल लगच हवा. नुसती पिळून टेप मारलेली जोडणी एका पावसाळ्यात पांढरी पडते.

ट्रिप होतो म्हणून आरसीसीबी काढून टाकणं

हे कुणी सुचवलं तर त्या माणसाला नम्रपणे परत पाठवा.

आरसीसीबी (अजूनही पुष्कळ जण ईएलसीबी म्हणतात) माणसाचा जीव वाचवतो. पावसात ओल्या पायांनी गन (गाडीला लावायचं केबलचं टोक) हातात धरणारे तुम्ही किंवा तुमची मुलगी असणार आहात. पण तो योग्य प्रकारचा हवा. आपल्या घरांमध्ये बहुतेक ठिकाणी टाइप एसी बसवलेला असतो. गाडीच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक्समधून बिघाडात डीसी गळती झाली तर टाइप एसी आंधळा होऊ शकतो, म्हणजे खरी वेळ आल्यावर पडणारच नाही. किमान टाइप ए, ३० मिलीअँपियर, आणि चार्जरमध्ये ६ मिलीअँपियरची डीसी गळती ओळखायची सोय. ती सोय चार्जरमध्ये नसेल तर टाइप बी लागतो, जो बराच महाग आहे. त्यामुळे डब्याची किंमत विचारताना हा एक प्रश्न विचाराच. टाइप ओळखायला आरसीसीबीवर छापलेलं चिन्ह बघा: नुसती एक लाट असेल तर एसी, लाटेखाली अर्ध्या उंचवट्यांची रेघ असेल तर ए.

आणि तो फक्त चार्जरचा असू द्या. घराच्या आरसीसीबीवर चार्जर जोडला की फ्रिज, मिक्सर, गाडी यांची छोटी छोटी गळती एकत्र होते आणि मध्यरात्री सगळं घर अंधारात जातं.

अर्थिंग आहे असं धरून चालणं

तिसऱ्या पिनेला हिरवी वायर जोडलेली असणं म्हणजे अर्थिंग नव्हे. ती कुठवर जाते? जुन्या इमारतींमध्ये ती कधी कधी बोर्डाच्या मागे संपते. अर्थिंग नसेल तर चांगला चार्जर चालूच होत नाही, आणि लोक म्हणतात चार्जर खराब निघाला. मल्टिमीटर लावून फेज ते न्यूट्रल आणि फेज ते अर्थ असं दोन्ही मोजा, आकडे जवळपास सारखे यायला हवेत. मग भार चालू असताना न्यूट्रल ते अर्थ मोजा: दोन-तीन व्होल्ट आले तर बरं, दहा-पंधरा आले तर अर्थिंगच्या खड्ड्याचं किंवा न्यूट्रलचं काम निघालं. बंगल्यात नवा खड्डा घेणं सोपं आहे. मुरमाड, खडकाळ जमिनीत एकाने भागत नाही, दोन घ्यावे लागतात. पोर्टेबल केबलवर 'अर्थ बायपास' करून देणारे मिळतात. कृपया तसं करू नका.

मंजूर भार न बघता ऑर्डर देणं

वीजबिलावर मंजूर भार लिहिलेला असतो. तो ३ किलोवॉट असेल आणि तुम्ही ७.२ चा चार्जर मागवत असाल तर आधी भारवाढीचा अर्ज, परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट, आणि कदाचित थ्री फेज मीटर. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या सप्टेंबर २०२४ च्या (त्याआधी जानेवारी २०२२ च्या) मार्गदर्शक सूचनांनुसार घरच्या चालू कनेक्शनवर गाडी चार्ज करायला परवानगी आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती झाली, त्यानंतर ईव्हीसाठी वेगळं कनेक्शनही मागता येतं. सोसायटीची कमिटी अडून बसली असेल तर भांडण्याआधी ही दोन्ही कागदपत्रं सेक्रेटरींच्या हातात द्या. सोबत केबलचा मार्ग दाखवणारा साधा नकाशा जोडा. बहुतेक वेळा त्यांची भीती आगीची असते, आणि ती भीती खोटी नाही. स्वतंत्र एमसीबी, आरसीसीबी, ट्रेमधून नेलेली केबल हे नीट समजावलं की मेंबर ऐकतात.

वेगळं कनेक्शन घ्यायचं की घरच्याच मीटरवर चालवायचं, हा हिशेब स्लॅबचा आहे. महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात. महिन्याला १,००० किलोमीटर म्हणजे साधारण १६० युनिटं. घरात आधीच २५० जळत असतील तर त्यातली शंभरावर युनिटं तिसऱ्या टप्प्याच्या दराने पडतील. दुसरीकडे वेगळ्या कनेक्शनचा स्थिर आकार गाडी गावाला गेली तरी भरावा लागतो. वर्षभराची बिलं काढून बसा.

भारवाढ होत नसेल तर मात्र स्मार्ट चार्जर कामाला येतो. मुख्य वायरवर एक सीटी सेन्सर (किती अँपियर जातात ते मोजणारा) बसवतात, घरात गीझर आणि एसी लागले की चार्जर आपोआप अँपियर खाली आणतो. स्मार्टपणातली ही एक सोय मी मनापासून सुचवतो.

रात्रीचं शेड्यूल डोळे झाकून लावणं

इंटरनेटवरचे बरेच सल्ले ब्रिटनचे असतात. तिथे रात्री वीज स्वस्त, आणि जून २०२२ पासून तिथल्या नव्या घरगुती चार्जरमध्ये गर्दीची वेळ टाळणारं शेड्यूल आधीच भरून द्यावं लागतं. आपल्याकडे चित्र वेगळं आहे. जुलै २०२५ पासून महावितरणच्या स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर सवलत मिळते, कारण दिवसा सौरवीज असते. घरून काम करत असाल, गाडी दुपारी उभी असेल, तर दुपारचं शेड्यूल लावा. मीटर जुना असेल तर वेळेने काही फरक पडत नाही. मग मी पहाटेची वेळ सुचवतो, कारण तेव्हा घरातला बाकीचा भार कमी असतो.

आणि शेड्यूल एकाच ठिकाणी लावा. गाडीत रात्री ११ ते २ आणि ॲपमध्ये ३ ते ६ अशी वेळ लागलेली असली की दोघं एकमेकांची वाट बघत बसतात आणि सकाळी बॅटरी होती तिथेच. "चार्जर चालत नाही" या तक्रारींतली मला सगळ्यात जास्त वेळा सापडलेली गोष्ट हीच. ॲपमध्ये 'सस्पेंडेड ईव्ही' दिसत असेल तर गाडी वीज घेत नाही आहे: तिचं शेड्यूल किंवा ८० टक्क्यांची मर्यादा तपासा. 'सस्पेंडेड ईव्हीएसई' दिसत असेल तर चार्जरनेच थांबवलंय: त्याचं शेड्यूल किंवा भार-नियंत्रण बघा.

ॲपशिवाय चालत नाही असा डबा

बेसमेंटमध्ये वायफाय नाही, मोबाइलला रेंज नाही, आणि चार्जर ॲपशिवाय सुरू होत नाही. घेण्याआधी मोबाइल घेऊन खाली उभं राहा आणि रेंज बघा. ब्लूटूथ, कार्ड किंवा नुसती गन लावली की चालू, यातला एक मार्ग हवाच. अमेरिकेत ऑक्टोबर २०२४ मध्ये एनेल एक्स वे या कंपनीने तिथला धंदा बंद केला, तेव्हा घराघरांतल्या जूसबॉक्स चार्जरच्या ॲपचं काय होणार म्हणून लोक हवालदिल झाले. म्हणून ओसीपीपी (चार्जर आणि सर्व्हर यांच्यातली सामाईक भाषा) पाळणारा चार्जर घ्या, तो दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरला जोडता येतो. सोसायटीच्या सामाईक मीटरवर प्रत्येकाची युनिटं वेगळी मोजायची असतील तर ओसीपीपी हवंच. डबा आयएस १७०१७ या भारतीय मानकाप्रमाणे तपासलेला आहे का, त्याचं प्रमाणपत्रही मागा.

पाऊस

डब्यावर आयपीचा आकडा असतो, म्हणजे धूळ-पाणी किती रोखतो ते: उघड्यावर आयपी ६५, शेडखाली आयपी ५४. कोकणात आणि गोव्यात खाऱ्या हवेने स्क्रू गंजतात, स्टेनलेसचेच वापरा. केबल डब्यात खालून घ्या आणि ग्लँड (केबलभोवतीची फट बंद करणारा भाग) घट्ट बसवा, वरून भोक पाडलं की आयपीचा आकडा संपला. बेसमेंटमध्ये पाणी शिरल्याचा इतिहास असेल तर जुन्या मेंबरांना भिंतीवरची पाण्याची खूण विचारा आणि डबा, सॉकेट, आयसोलेटर (वीज पूर्ण तोडणारा स्विच) तिच्या वर लावा. पाणी ओसरल्यावर घाईने एमसीबी वर करू नका. झाकण उघडून आत ओल आहे का ते वायरमनकडून बघून घ्या, मेगर लावून इन्सुलेशन तपासून घ्या, आणि ते होईपर्यंत मीटर रूममधला आयसोलेटर खालीच राहू द्या.